जलपर्णी कोणती, गोंडाळ कोणते? पूर्व विदर्भाच्या पाण्यातील देशी-परदेशी वनस्पतींच्या ओळखीचा इतिहास

१/ नागपूरच्या ईशान्य कडेला कळमना आहे. संत्री, मिरची, धान्य आणि भाजीपाला यांची विदर्भातील मोठी घाऊक उलाढाल येथील मार्केट यार्डात होते. हावड्याकडे जाणारा लोहमार्ग येथूनच कामठी, भंडारा, तुमसर आणि गोंदियाकडे, म्हणजे तळ्यांच्या मुलखाकडे जातो. त्या मुलखातला माल पश्चिमेकडे नागपूरला येतो. पाणी मात्र उलट दिशेने वाहते. नाग आणि पिवळी या नद्या शहराचे सांडपाणी घेऊन पूर्वेकडे जातात व एकत्र होऊन कन्हानला मिळतात. कन्हान पुढे आंभोऱ्याच्या परिसरात वैनगंगेला मिळते आणि हे सारे पाणी गोसीखुर्द धरणात साठते.

२/ या पाण्याबरोबर एक हिरवे आवरणही पूर्वेकडे सरकते. ती जलपर्णी. गोसीखुर्दच्या फुगवट्यात तिचे थर साचल्याच्या तक्रारी गेली अनेक वर्षे होत आहेत. शहराच्या पश्चिमेस, १८७० साली पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या अंबाझरी तलावावरही अलीकडच्या वर्षांत ती पसरली आणि यंत्रे लावून उपसावी लागली. परंतु तळ्यातले हिरवे ते सगळे जलपर्णी नव्हे. कित्येक देशी वनस्पती तिच्यासारख्या दिसतात. कित्येक परदेशी वनस्पती देशी भाजीसारख्या दिसतात. त्यांची गल्लत केव्हा झाली, तिची किंमत कोणी मोजली आणि फरक ओळखायचा कसा, याचा हा इतिहास.

३/ प्रारंभ शब्दापासून करावा लागतो. 'अमरकोशा'च्या वारिवर्गात 'वारिपर्णी' आणि 'कुंभिका' हे एकाच वनस्पतीचे दोन पर्याय दिले आहेत. अभ्यासक ही नावे पाण्यावर तरंगणाऱ्या एका लहान, कोबीच्या गड्ड्यासारख्या वनस्पतीशी जोडतात. तिचे शास्त्रीय नाव पिस्टिया स्ट्रॅटिओटिस. मराठीत तिला गोंडाळ म्हणतात. 'वारि' म्हणजे पाणी, 'जल' म्हणजेही पाणी. आज मराठीत ज्या परकी वनस्पतीला सर्रास 'जलपर्णी' म्हटले जाते, तिचे नाव अर्थाने या जुन्या 'वारिपर्णी'हून वेगळे नाही. हिंदीत तर 'जलकुंभी' हे गोंडाळाचे नावच नव्या पाहुणीला मिळाले. वनस्पती नवी, नाव जुने.

४/ गोंडाळ येथे किती जुने? डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. इट्टी अच्युदन हे वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोकणीभाषक विद्वान त्याचे प्रमुख सहाय्यक होते. या तिघांचे देवनागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले आहे. अकराव्या खंडात 'कोड्ड-पैल' या मल्याळी नावाखाली गोंडाळाचे चित्र आहे. गोंडाळाचे मूळ घर कोणते, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत वाद आहे. तथापि ते जलपर्णीच्या निदान दोनशे वर्षे आधी भारतात होते, हे या चित्राने निश्चित होते.

५/ गोंडाळ ओळखणे सोपे आहे. त्याच्या पानांना देठ नसतो. फिकट हिरवी, मखमली लव असलेली, उभ्या शिरांची पाने गुलाबाच्या पाकळ्यांप्रमाणे एका मध्याभोवती रचलेली असतात. पाण्याचा थेंब पानावर टाकला तर तो घरंगळून जातो. फूल इतके लहान आणि पानांच्या बेचक्यात इतके दडलेले असते की अनेकांना ते कधीच दिसत नाही. जांभळ्या फुलांचा तुरा दिसला, पान गुळगुळीत व चकचकीत असले, देठ मध्ये फुगलेला असला, तर ते गोंडाळ नव्हे.

६/ जलपर्णीची कागदोपत्री जन्मकथा ब्राझीलमध्ये आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन मार्शियस याने १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलचा प्रवास केला आणि परतल्यावर तिला पॉन्टेडेरिया क्रॅसिपिस हे नाव दिले. 'क्रॅसिपिस' म्हणजे जाड पायाची; संकेत अर्थातच फुगीर देठाकडे आहे. पुढे प्रशियाचे मंत्री आयशहॉर्न यांच्या नावावरून केलेल्या प्रजातीत तिची गणना झाली आणि १८८३ पासून ती 'आयशहॉर्निया' म्हणून जगभर ओळखली गेली. २०१८ च्या फेरमांडणीनंतर बहुतेक शास्त्रज्ञ तिला पुन्हा मार्शियसच्या जुन्या नावानेच संबोधतात.

७/ तिचा जगप्रवास सौंदर्यामुळे झाला. १८८४ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे भरलेल्या प्रदर्शनातून लोकांनी ती घरोघरच्या तळ्यांसाठी नेली, अशी हकिकत सांगितली जाते. भारतात ती १८९० च्या दशकात बंगालमध्ये आल्याचे मानले जाते. येथे एक पुरावा लक्षात घेण्याजोगा आहे. जोसेफ हूकर याच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चा सहावा खंड १८९० ते १८९४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात जलपर्णीच्या कुळाखाली केवळ मोनोकोरिया ही देशी प्रजाती नोंदलेली आहे. वनस्पती देशी की परकी, हे ठरवताना अशी अनुपस्थितीची नोंद उपस्थितीइतकीच मोलाची ठरते.

८/ वीस-पंचवीस वर्षांत बंगालचे चित्र पालटले. खाड्या, बिल आणि भातखाचरे जलपर्णीने भरली; होड्या अडकल्या; पुराबरोबर आलेल्या थरांखाली उभे भात झोपले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोकांनी तिला 'जर्मन पाना' हे नाव दिले आणि शत्रूनेच ती सोडली, अशी अफवा पसरली. १९२१ साली जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली जलपर्णी समिती नेमली गेली. अखेर १९३६ साली बंगालमध्ये जलपर्णीविरोधी कायदा करण्यात आला आणि आपल्या जागेतील जलपर्णी काढून टाकणे ही जमीनधारकाची कायदेशीर जबाबदारी ठरली.

९/ आता तिच्या देशी बहिणीकडे वळावे. भंडारा-गोंदियाच्या भाताच्या बांध्यांत आणि तळ्यांच्या काठी मोनोकोरिया उगवते. पान हिरवेगार व चकचकीत, फूल निळे, कूळ तेच. घाईच्या नजरेला ती जलपर्णीचे पिलू वाटते. परंतु मोनोकोरिया चिखलात मुळे रोवून उभी असते, तरंगत नाही. तिचा देठ फुगलेला नसतो. पान हृदयाच्या किंवा बाणाच्या टोकाच्या आकाराचे असते. फुले लहान असून पानाच्या देठातूनच फुटल्यासारखी दिसतात. जलपर्णीच्या फुलात सर्वांत वरच्या पाकळीवर निळ्या वलयात पिवळा डोळा असतो, मोराच्या पिसासारखा. मोनोकोरियाच्या फुलात तो कधीही नसतो. उपटून पाहिल्यास जलपर्णीची काळसर, पिसांसारखी लोंबती मुळे लगेच ओळखू येतात.

१०/ मोनोकोरिया शतकानुशतके भातशेतीत आहे. शेतकरी तिला तण म्हणून निंदतो, पण तिने कधी तलाव झाकला नाही. जलपर्णीने मात्र तो झाकला. कारण तिच्या वाढीच्या रीतीत आहे. एका रोपाला आडवे धुमारे फुटतात, प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला नवे रोप येते आणि अनुकूल पाण्यात रोपांची संख्या दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. तिला हवे असते नत्र आणि स्फुरद. शहराच्या सांडपाण्यात ही दोन्ही मुबलक असतात. म्हणून पिवळी आणि नाग नद्यांचे पाणी जोवर असेच पूर्वेकडे जाईल, तोवर खालच्या अंगाला कितीही उपसा केला तरी ती परत येत राहील.

११/ खालच्या अंगाला काय पणाला लागले आहे, हे कळण्यासाठी तळ्यांचा इतिहास पाहावा लागतो. परंपरा सांगते की गोंड राजांनी कोहळी समाजाला या प्रदेशात वसवले आणि जो तळे बांधेल त्याला त्याखालच्या जमिनीचे हक्क दिले. उताराची पारख असणाऱ्या कोहळ्यांनी भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या आजच्या जिल्ह्यांत हजारो तळी निर्मिली. पुढे ती मालगुजारांकडे आली म्हणून 'मालगुजारी तलाव' म्हणवली गेली. १९५१ साली मध्य प्रांतातील मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारकडे गेले आणि सरकारी दप्तरांत 'माजी मालगुजारी' किंवा 'मामा तलाव' हे नाव रूढ झाले.

१२/ या तळ्यांत उतरणारा समाज म्हणजे ढीवर. मासे, कमळाची फुले व कंद आणि शिंगाडा हे त्यांचे पिढीजात उत्पन्न. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर प्रसिद्ध केलेल्या चार खंडांत, शिंगाड्याची लागवड करणाऱ्या धीमरांच्या 'सिंगारिया' या पोटशाखेची नोंद आहे. एका पाणवनस्पतीवरून माणसांच्या गटाचे नाव पडावे, इतके हे नाते घट्ट होते. शिंगाड्याची त्रिकोणी, कडांना दातेरी पाने चक्राकार पसरून तरंगतात आणि त्यांचे देठही जलपर्णीप्रमाणे मध्ये फुगलेले असतात. म्हणून कोवळ्या वेलांच्या बाबतीत अननुभवी माणसाची फसगत होते. पानाची दातेरी कड पाहिली की शंका उरत नाही.

१३/ 'देशी' आणि 'परकी' हे वनस्पतीचे गुण नव्हेत. ते स्थळाशी असलेले नाते आहे. शिंगाडाच याचे उत्तम उदाहरण. १८८४ साली, म्हणजे जलपर्णीच्या त्या न्यू ऑर्लिन्स प्रदर्शनाच्याच वर्षी, शिंगाडा न्यूयॉर्क राज्यातील स्कोशिया गावाजवळच्या सँडर्स तलावात सोडण्यात आला. पुढे तो मोहॉक आणि हडसन नद्यांत पसरला. उपवासाला आपल्याकडे ज्याच्या पिठाची खीर होते, तोच शिंगाडा तेथे आज सरकारी खर्चाने उपटून फेकला जातो. त्याला उगमस्थानी खाणारे कीटक, प्राणी आणि तोडून नेणारी माणसे असतात. तेथे यांपैकी कोणीही नव्हते.

१४/ हायड्रिलाची कथाही अशीच. पाण्यात बुडून वाढणारी, लांब दोऱ्यांसारखी ही वनस्पती आपल्याकडे केवळ 'शेवाळ' म्हणवली जाते; वस्तुतः ती शेवाळ नसून मुळे, पाने व फुले असलेली पूर्ण वनस्पती आहे. विल्यम रॉक्सबर्ग याने अठराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले आहे की साखर तयार करणारे कारागीर ही ओली वनस्पती साखरेवर पसरवून ठेवत. तिच्यातून झिरपणाऱ्या पाण्याने काकवी निथळून साखर उजळत असे. तळ्यात ती माशांच्या अंड्यांना आसरा आणि पाणपक्ष्यांना अन्न देते. १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून ती अमेरिकेतील फ्लोरिडात गेली. तेथे प्रथम तिला एलोडिया ही स्थानिक वनस्पती समजले गेले आणि 'फ्लोरिडा एलोडिया' हे नाव पडले. खरी ओळख पटेपर्यंत ती नद्यांतून पसरली होती.

१५/ उलट दिशेची गल्लत आपल्याकडे होऊ शकते. मत्स्यालयांच्या दुकानांत मिळणारी एजेरिया डेन्सा ही दक्षिण अमेरिकी वनस्पती हायड्रिलासारखीच दिसते. काच-पेटी रिकामी करताना ती नाल्यात टाकली, तर तिला वेगळे ओळखणारा माणूस विरळाच. खूण स्पर्शाची आहे. हायड्रिलाच्या पानांची कड बारीक दात्यांमुळे बोटाला खरखरीत लागते आणि पानाच्या मागच्या शिरेवरही बारीक काटे असतात. एजेरियाचे पान मऊ लागते. हायड्रिलाच्या मुळांशी गाळात वाटाण्याएवढे कंद सापडतात, एजेरियाला ते नसतात. एजेरियाचे पांढरे फूल ठळक असून पाण्याबाहेर डोकावते. हायड्रिलाचे इवलेसे, जवळजवळ पारदर्शक असते.

१६/ काठाशी आले की 'बेशरम' भेटते. विदर्भात या झुडपाला दुसरे नाव लागत नाही. शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. मूळ दक्षिण अमेरिकेत. शोभेसाठी आणि कुंपणासाठी ती भारतात आणली गेली. तोडलेली फांदी चिखलात पडली तरी मूळ धरते, कोरड्यात टिकते, पाण्यातही टिकते; नाव त्यावरूनच पडले. तिच्यात विषारी अल्कधर्मी द्रव्ये आहेत, त्यामुळे जनावरे सहसा तिला तोंड लावत नाहीत आणि उपासमारीत लावलेच तर शेळ्या-मेंढ्यांना बाधा होते. तळ्याचा उथळ काठ, जेथे पूर्वी देवधान आणि पाणगवत असे, तो बेशरमाने व्यापला की पाणपक्ष्यांची व माशांची विणीची जागा जाते आणि गाळही साचत राहतो.

१७/ बेशरमाची सख्खी नातलग मात्र खरी देशी आणि खाण्याजोगी आहे. ती नाळ, म्हणजे नाळीची भाजी, आयपोमिया ॲक्वाटिका. 'हॉर्टस मलबारिकस'च्या त्याच अकराव्या खंडात ती 'बल्लेल' या नावाने चितारलेली आहे. दोहोंची फुले एकाच घडणीची, नरसाळ्यासारखी आणि गुलाबी-जांभळ्या छटेची असतात. परंतु नाळ पाण्यावर सरपटते. तिचे खोड पोकळ असते आणि प्रत्येक पेरापाशी मुळे फुटतात. पान बाणाच्या टोकासारखे निमुळते असते. बेशरम छातीइतके किंवा त्याहून उंच उभे राहते, खोड खालून लाकडी होते आणि तोडल्यावर पांढरा चीक येतो. फुलावरून फसगत होईल. उभे आहे की सरपटते, एवढे पाहिल्यास होणार नाही.

१८/ खाण्याच्या भाजीतच गल्लत झाली तर काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. आपल्याकडे पाणथळ जागी उगवणारी कांचरी श्रीलंकेत 'मुकुणुवेन्ना' नावाने आवडीने खाल्ली जाते. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या श्रीलंकन कुटुंबांनी मायदेशीची भाजी म्हणून जी परसात लावली, ती अनेक ठिकाणी कांचरी नव्हतीच. ती दक्षिण अमेरिकी 'ॲलिगेटर वीड' होती. ऑस्ट्रेलियातील अत्यंत घातक पाणतणांपैकी एक. १९९० च्या दशकात हे लक्षात आल्यावर अधिकाऱ्यांनी घरोघरी जाऊन ती काढली आणि त्या कुटुंबांना दुसरी, निरुपद्रवी भाजी देऊ केली.

१९/ ही दुसरी वनस्पती भारतातही आलेली आहे. सांडपाण्याच्या नाल्यांत आणि शहरांच्या कडेच्या पाणथळीत ती फोफावते. दोघींची पाने समोरासमोर, फुले पांढरी, कागदासारखी कोरडी. फरक फुलाच्या देठात आहे. कांचरीचे फुलगुच्छ पानाच्या बेचक्याला थेट चिकटलेले असतात. ॲलिगेटर वीडचा एकच गोंडा बोटाच्या पेराएवढ्या किंवा त्याहून लांब दांडीवर उभा असतो. तिचे पाण्यातले खोड पोकळ व जाड असते. नाल्याकाठची भाजी खुडणाऱ्याने ही एक दांडी पाहावी. सांडपाण्यावर पोसलेली कोणतीही पालेभाजी खाण्यास अयोग्यच, हे त्याहून आधीचे पथ्य.

२०/ ओळखीतील चूक किती महाग पडते, याचा सर्वांत बोलका अध्याय साल्विनिया या तरंगत्या नेच्याचा आहे. श्रीलंकेत आणि केरळात तो विसाव्या शतकाच्या मध्यास पसरला. केरळात त्याला 'आफ्रिकन पायल' म्हणू लागले, जरी तो आफ्रिकेचा नव्हता. झांबेझी नदीवरच्या करिबा धरणाचे दरवाजे १९५८ साली बंद झाले आणि काही वर्षांतच त्या विशाल जलाशयावर या नेच्याचे प्रचंड पट्टे पसरले. शास्त्रज्ञ त्याला साल्विनिया ऑरिक्युलाटा ही जुनी, परिचित जात समजत होते. म्हणून त्या जातीवर जगणारे कीटक दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातून व त्रिनिदादहून आणून सोडण्यात आले. समाधानकारक नियंत्रण मात्र साधले नाही.

२१/ १९७२ साली डेव्हिड मिचेल यांनी दाखवून दिले की ही जातच वेगळी आहे. त्यांनी तिला साल्विनिया मोलेस्टा, म्हणजे उपद्रवी, असे नाव दिले. १९७८ साली आग्नेय ब्राझीलमध्ये तिचे मूळ घर सापडले. तेथील एक लहानसा काळा भुंगा १९८० साली ऑस्ट्रेलियातील मूनडारा तलावात सोडण्यात आला. हा भुंगाही आधीच अपयशी ठरलेलाच आहे, असे तेव्हा वाटले होते. वर्षभराच्या आसपास तलाव मोकळा झाला. मग बारकाईने पाहता भुंगाही नवीनच जातीचा निघाला. १९८५ साली त्याचे सर्टोबॅगस साल्विनिये असे नामकरण झाले. वनस्पती चुकीची ओळखली, म्हणून कीटकही चुकीचा आणला गेला आणि त्यात सुमारे वीस वर्षे गेली.

२२/ हाच भुंगा १९८० च्या दशकात भारतात आणला गेला आणि केरळच्या कालव्यांत यशस्वी ठरला. नागपूरच्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात, सारणी येथील सातपुडा जलाशयावर साल्विनिया मोलेस्टा पसरली तेव्हा जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने याच भुंग्याचा आधार घेतला. हा किडा त्या एका नेच्यावरच जगतो. जलपर्णीला तो उपयोगी नाही. जलपर्णीसाठी निओकेटिना हे वेगळे भुंगे आहेत आणि तेही १९८० च्या दशकातच भारतात आले. 'जलपर्णीवर किडा सोडा' अशी मागणी करणाऱ्याने तळ्यात नेमकी कोणती वनस्पती आहे, हे आधी पाहणे म्हणूनच अनिवार्य आहे.

२३/ पूर्व विदर्भात या ज्ञानाचा उलट बाजूने वापर झाला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढीवर मच्छीमारांच्या साथीने तळ्यांतील देशी मासे व देशी वनस्पतींची माहिती गोळा केली. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरात बेशरम मुळासकट काढून, जेथे देशी वनस्पती अजून तग धरून होत्या अशा तळ्यांतून त्या आणून पुन्हा लावण्यात आल्या. या कामात ढीवर महिलांनी पुढाकार घेतला. बुडून वाढणारी कोणती, तरंगणारी कोणती, काठावरची कोणती आणि कोणत्या माशाला कोणती हवी, हे त्यांना ठाऊक होते. त्या ज्ञानाला प्रथमच योजनेत स्थान मिळाले.

२४/ याउलट सरसकट सफाईत काय घडते? यंत्र पाण्यावरचे सारे एकाच दात्याने ओढते. जलपर्णीबरोबर कमळ, शिंगाडा, गोंडाळ आणि हायड्रिला हेही ढिगात जातात. मोकळ्या झालेल्या पाण्यात सांडपाण्याचे खत तसेच असते, गाळात जलपर्णीचे बी तसेच असते आणि तिच्याशी स्पर्धा करणारे मात्र कोणीही उरलेले नसते. पुढच्या पावसाळ्यात प्रथम तीच परतते. शिवाय काठावर टाकलेला ढीग पावसाने पुन्हा पाण्यात जातो आणि एकेका तुकड्यातून नवे रोप उभे राहते. म्हणून उपसा करायचा तर जलपर्णी फुलण्यापूर्वी, निवडून, आणि काढलेला माल पाण्यापासून दूर नेऊन.

२५/ तळ्याकाठी पाच प्रश्न पुरेसे आहेत. वनस्पती तरंगते की रुजलेली आहे? देठ फुगलेला असल्यास पानाची कड गुळगुळीत आहे की दातेरी? निळ्या फुलात पिवळा डोळा आहे का? पांढरा गोंडा दांडीवर आहे की बेचक्यात चिकटलेला? गुलाबी नरसाळ्यासारखे फूल उभ्या झुडपावर आहे की सरपटत्या वेलावर? या पाच उत्तरांवरून जलपर्णी, मोनोकोरिया, शिंगाडा, कांचरी, ॲलिगेटर वीड, नाळ आणि बेशरम वेगळी होतात. सहावा प्रश्न वनस्पतीला नव्हे, माणसाला विचारायचा: या तळ्यात ही पूर्वीपासून होती का? त्याचे उत्तर बहुधा तळ्यात उतरणाऱ्या ढीवराकडेच असते.

२६/ त्या सहाव्या प्रश्नाचे लेखी उत्तरही काही प्रमाणात उपलब्ध आहे. एन. आर. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला. अशा नोंदींमुळे एखादी वनस्पती आधी होती की नंतर आली, हे सांगता येते. हूकरच्या खंडाने बंगालच्या बाबतीत जे काम केले, तेच काम. कळमन्याच्या पलीकडे पिवळी-नागच्या पाण्यावर आज काय तरंगते आहे, गोसीखुर्दच्या फुगवट्यात काय साचले आहे आणि मामा तलावांत अजून काय शिल्लक आहे, याची तारखेसह नोंद प्रत्येक उपशापूर्वी झाली, तर दहा वर्षांनी सफाईचा हिशेब मांडता येईल. आणि पहिल्या पावसानंतर कोणत्या तळ्यातून शिंगाड्याची रोपे मागून आणायची, हेही ढीवर कुटुंबांना कळेल.

(समाप्त)